भाच्यानं न विचारता गाडी नेली आणि ठोकली, आता पैसे कोणाच्या खिशातून जाणार?

दारव्ह्याकडच्या एका कास्तकार भाऊंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. रात्री घरचे झोपल्यावर बहिणीचा पोरगा, वय १९, ना पक्कं लायसन ना लर्निंग, खिळ्यावरची किल्ली घेऊन बोलेरो काढतो, मित्रांना बसवून धाब्यावर जातो आणि येताना एका मोटरसायकलवाल्याला ठोकतो. त्या माणसाचा पाय मोडला, तो यवतमाळच्या मेडिकलला भरती आहे. गाडीचा फुल इन्शुरन्स चालू आहे. एजंट म्हणतो, गाडी विनापरवानगी गेली, कंपनी एक रुपया देणार नाही. गावातले दोन जाणते म्हणतात, गाडी तुम्हीच चालवत होते असं लिहून द्या, सगळं मिटते. आणि भाऊंचं स्वतःचं म्हणणं, मी तर गाडी दिलीच नाही, मग माझ्यावर काऊन येते. गाडी ठाण्यात उभी आहे, ती कशी सोडवायची हेही त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं यवतमाळच्या कोर्टात अपघाताचे क्लेम चालवतो, कधी जखमीकडून, कधी गाडीमालकाकडून, म्हणून जे कोर्टात खरोखर होते तेच सांगतो.

सगळ्यात आधी ते ड्रायव्हर बदलायचं डोक्यातून काढून टाका. आजच. ठाण्यात जबाब झाला नसेल तर जे खरं आहे तेच लिहून द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं मालकावर बंधनकारकच आहे. तुम्ही म्हणाल मी चालवत होतो, तर कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर पहिल्या आठवड्यातच धाब्यावर जाऊन विचारतो, तुमच्या मोबाईलचं लोकेशन मागवलं जाऊ शकते, भाच्याच्या कपाळाला लागलं असेल तर सरकारी दवाखान्यातल्या नोंदीत 'गाडी चालवताना अपघात' असं त्यानंच डॉक्टरला सांगितलेलं असते, आणि जखमी माणूस शुद्धीवर असेल तर तो ओळखपरेडीशिवायही सांगतो की चालवणारा कोवळा पोट्टा होता. मग काय होते, खरं बोलून जेवढं वाचलं असतं तेवढंही वाचत नाही, वरून खोटी माहिती दिल्याचा गुन्हा, आणि कोर्टात तुमच्या पुढच्या एकाही शब्दावर भरवसा उरत नाही. जाणत्यांचा हेतू चांगला असेल, पण तारखेवर तुमच्या सोबत पिंजऱ्यात ते उभे राहणार नाहीत.

आता एजंटचं म्हणणं. ते अर्धं चूक आहे. इथे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि सगळे लोक ते एकत्र करतात. जखमीला पैसे कोण देणार हा एक, आणि शेवटी ते कोणाच्या खिशातून जाणार हा दुसरा.

जखमीपुरतं बोलायचं तर थर्ड पार्टी इन्शुरन्स असतोच त्याच्यासाठी, तुमच्यासाठी नाही. त्याचा आणि तुमच्या पॉलिसीच्या अटींचा काही संबंध नाही, तो आपल्या साईडनं घरी चालला होता. म्हणून कायद्यानं कंपनीला हात झटकायची मुभा फार थोडी ठेवलीय, पूर्वी हे कलम १४९ मध्ये होतं, दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२२ पासून १५० मध्ये आहे. चालवणाऱ्याजवळ लायसन नव्हतं ही कंपनीची एक मोठी ढाल आहे, पण २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या निकालात सांगून टाकलं की नुसतं लायसन नव्हतं हे दाखवून भागत नाही, मालकानं स्वतः निष्काळजीपणा केला, लायसनची अट पाळली जावी म्हणून घ्यायची ती काळजी घेतली नाही, हे कंपनीनं सिद्ध करायचं. आणि ते सिद्ध झालं तरी बहुतेक वेळा ट्रिब्युनलचा, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टाचा, हुकूम असाच निघतो की कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे. कोर्टात आम्ही याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतो, मराठी निकालपत्रातसुद्धा बरेचदा हाच शब्द असतो. तर एजंटला सांगा, कंपनी त्या माणसाला देईल हीच शक्यता जास्त आहे, प्रश्न हा आहे की नंतर ती तुमच्या दारात येईल का.

आणि इथे 'विनापरवानगी' हा शब्द कामाचा होतो, पण लोकांना वाटते तसा नाही.

आपल्या पॉलिसीत ड्रायव्हरची जी अट छापलेली असते ती नीट वाचा. तिच्यात असं असते की मालकासह कोणीही चालवू शकतो, फक्त त्याच्याजवळ त्या वेळी चालू लायसन पाहिजे आणि त्याला लायसन घ्यायला बंदी नसावी. म्हणजे भाच्याजवळ पक्कं लायसन असतं तर न विचारता नेली की विचारून, यावरून कंपनीला फार काही ताणता आलं नसतं. तुमची अडचण परवानगीची कमी आणि लायसनची जास्त आहे. परवानगीचा शब्द पॉलिसीत दुसऱ्या जागी येतो, जिथे लिहिलेलं असते की मालकाच्या सांगण्यावरून किंवा परवानगीनं जो चालवतो त्या ड्रायव्हरचीही जबाबदारी कंपनी उचलते. तर तुम्ही ठासून म्हणालात की मी परवानगी दिलीच नाही, तर पहिला फटका भाच्याला बसतो, त्याच्या डोक्यावरचं छत्र जाते आणि तो एकटा पडतो. बहिणीशी बोलताना हे ध्यानात असू द्या, कारण पुढे दोन घरांत वाद होतो तो इथूनच.

मालकाची जबाबदारी मात्र नुसतं 'मी दिली नाही' म्हटल्यानं जात नाही. सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. एक १९८७ चा, स्कँडिया इन्शुरन्स विरुद्ध कोकिलाबेन. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरला, बिनलायसनच्या क्लीनरनं ट्रक पुढे घेतला आणि एक माणूस गेला. तिथे मालकानं लायसनवाला ड्रायव्हर ठेवला होता, त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलं होतं, म्हणून अट मोडली ती मालकानं नाही असं कोर्ट म्हणालं आणि भार कंपनीवर गेला. दुसरा २०११ चा, जवाहर सिंग विरुद्ध बाला जैन. घरी आलेल्या अल्पवयीन मुलानं न विचारता मोटरसायकलची किल्ली घेतली, अपघातात एक माणूस मेला. मालक तुमच्यासारखंच म्हणाला, मी दिलीच नव्हती. कोर्टानं सांगितलं की गाडीचा गैरवापर होऊ नये, त्यातही बिनलायसनच्या पोराच्या हाती ती लागू नये, हे पाहणं मालकाचंच काम होतं, आणि कंपनीला मालकाकडून वसुलीची मोकळीक राहिली.

या दोन निकालांच्या मधे तुम्ही कुठे उभे आहात हे एकाच गोष्टीवर ठरते, किल्ली कुठे होती आणि ती तिथे आहे हे कोणाला ठाऊक होतं.

हे कोर्टात कसं होते ते सांगतो. गाडीमालक पिंजऱ्यात असतो, कंपनीचा वकील आवाज न चढवता एकेक विचारतो. किल्ली कुठं ठेवता? दारामागं खिळ्याला. भाच्याला ठाऊक होतं? घरचाच आहे, ठाऊक असणारच. याआधी त्यानं ही गाडी चालवली? वावरात, थोडी. अन् रस्त्यावर? लग्नात एकदा, वऱ्हाडी आणायला. त्याच्याजवळ लायसन नाही हे तुम्हाला ठाऊक होतं? हो साहेब. दुसऱ्या दिवशी ठाण्यात तक्रार दिली? घरचंच लेकरू, तक्रार कशी देऊ. बस, झालं. एवढ्या उत्तरांत 'विनापरवानगी' हा शब्द कागदावर राहतो आणि न्यायाधीश निकालात लिहितात की मालकाची मूक संमती होती. आपल्याकडे घरात कोणी कोणाला लेखी परवानगी देत नाही, वावरात जाताना, कापूस घेऊन जिनिंगवर जाताना ज्याला जमते तो गाडी काढतो, आणि हीच सवय कोर्टात परवानगी म्हणून उभी राहते.

म्हणून तुमच्या वकिलाला या प्रश्नांची खरी उत्तरं आजच सांगून ठेवा. समजा खरंच असं असेल की किल्ली कपाटात कुलपात होती, किंवा आधी एकदा भाच्यानं गाडीला हात लावला तेव्हा तुम्ही चार लोकांत त्याला झापलं होतं, बहिणीला फोन करून सांगितलं होतं, तर त्याचे साक्षीदार द्या, हे सोनं आहे. तसं नसेल तर ते जुळवू नका. खिळ्यावरची किल्ली होती तर खिळ्यावरचीच सांगा, आणि मग बाकीच्या जागी लढू, जसं की जखमीचीही काही चूक होती का, त्याची नुकसानभरपाई वाजवी मोजली का. तिथेही बराच फरक पडतो.

ठाण्यात तक्रार द्यायची का हाही प्रश्न येतोच. दुसऱ्याची गाडी अधिकाराशिवाय नेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९७ खाली गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारापर्यंत दंड. तुम्हाला रात्रीच कळलं असतं की गाडी जागेवर नाही आणि अपघाताची बातमी यायच्या आधी तुम्ही ठाण्यात किंवा पोलीस पाटलाला कळवलं असतं, तर त्या एका कागदाला फार वजन आलं असतं. आता अपघातानंतर, कंपनीनं हात वर केल्यावर दिलेली तक्रार ही वाचायसाठी दिलेली तक्रार दिसते आणि ठाणेदारालाही ती तशीच दिसते. माझं मत विचाराल तर या टप्प्यावर भाच्यावर चोरीचा गुन्हा लावायच्या भानगडीत पडू नका, त्यानं फायदा जवळपास शून्य आणि घर मात्र फुटते. जबाबात खरं सांगा की मला न विचारता नेली, तेवढं पुरे. त्याचा एक उपयोग नक्की आहे, बिनलायसनच्या माणसाला गाडी चालवू दिल्याचा गुन्हा, कलम ५ आणि १८०, हा 'चालवू दिली' यावरच उभा आहे, तर तुम्ही खरंच दिली नसेल तर तिथे तुमचा बचाव चांगला आहे. म्हणजे तेच वाक्य फौजदारीत कामी येते आणि क्लेममध्ये कमी येते. लोक इथेच गोंधळतात.

भाचा १९ चा आहे म्हणून एक मोठं संकट टळलं. १८ च्या आत असता तर कलम १९९अ लागलं असतं, त्यात पालक आणि गाडीमालक यांनाच दोषी धरून सुरुवात होते, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मला ठाऊक नव्हतं किंवा मी पुरेपूर काळजी घेतली होती हे मालकालाच सिद्ध करावं लागते. आपल्या भागात नववी-दहावीतली पोरं बिनधास्त मोटरसायकल घेऊन शाळेत जातात, ट्रॅक्टर चालवतात, आणि बापाला त्याचं कौतुक असते. मला ते पाहून खरंच पोटात गोळा येते.

आता ज्या गोष्टीत मालक लोक सगळ्यात जास्त बुडतात ती. काही महिन्यांनी तुमच्या नावानं ट्रिब्युनलचं समन्स येईल, जखमीनं तुम्हाला, भाच्याला आणि कंपनीला तिघांनाही पार्टी केलेलं असेल. समन्स आलं की आपला माणूस म्हणतो, इन्शुरन्स आहे ना, कंपनी पाहून घेईल, आणि तारखेवर जातच नाही. भाऊ, या केसमध्ये कंपनीचा वकील तुमचा वकील नाही. त्याचं कामच आहे की दोष तुमच्यावर सिद्ध करणं, तो आरटीओच्या माणसाला साक्षीला बोलावून सांगून घेईल की या नावानं लायसन निघालेलंच नाही. तुम्ही गैरहजर राहिलात तर हुकूम एकतर्फी होतो, आणि तुम्ही काळजी घेतली होती की नाही हे सांगायला तिथे कोणीच नसते. सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे हे खरं, पण समोर कोणी उभंच नसलं तर ते ओझं फार हलकं होते. तेव्हा वकीलपत्र लावा, वेळेत लेखी जबाब द्या, पॉलिसी, आरसी, जे असेल ते दाखल करा आणि स्वतः साक्ष द्या.

वसुलीचा हुकूम झाला तर तो कागदावर राहत नाही. कंपनीला वेगळा दावा लावायची गरज नसते, त्याच ट्रिब्युनलमध्ये अर्ज करता येतो, आणि कलम १७४ प्रमाणे ट्रिब्युनल कलेक्टरला वसुलीचा दाखला देऊ शकते, मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तहसीलची नोटीस येते, तलाठी सातबाऱ्यावर बोजा चढवतो, आणि पुढच्या हंगामाला बँकेत पीककर्जासाठी गेले की साहेब तो सातबारा तुमच्यापुढे सरकवून विचारतो हे काय आहे. मी लोकांना हे सांगतो तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलतो, तोवर त्यांना ही कोर्टाची लांबची गोष्ट वाटत असते.

तुमच्या केसमध्ये माझा अंदाज स्पष्ट सांगतो. किल्ली खिळ्यावर, भाचा घरचा, लायसन नाही हे सगळ्यांना माहीत, तर कंपनी जखमीला देईल आणि तुमच्यावर वसुली काढेल याची तयारी ठेवा. म्हणूनच लोकअदालतीचा रस्ता आत्तापासून डोक्यात ठेवा, तिथे जखमी, कंपनी आणि तुम्ही तिघं बसून रक्कम ठरवता येते, ती बहुतेक कमी असते, आणि तुमच्या वाट्याचे हप्ते मागता येतात. स्टॅम्प पेपरवर गावात समझोता करून क्लेम करणार नाही असं जखमीकडून लिहून घेऊ नका, त्यानं त्याचा हक्क जात नाही आणि तुमचे पैसे मात्र जातात. मदत जरूर करा. औषधाला, बाहेरच्या तपासण्यांना पैसे द्या, पावत्या घ्या, दिलेलं लिहून ठेवा. दवाखान्यात त्याच्या घरच्यांना हेही सांगा की रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या दवाखान्यांत पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे, बऱ्याच जणांना ती माहीतच नसते.

तुमच्या बोलेरोच्या दुरुस्तीचं लवकर सांगून टाकतो. चालवणाऱ्याजवळ लायसन नव्हतं, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारेल आणि तिथे भांडायला फारशी जागा नाही. भाच्याला लागलं असेल तर तोही थर्ड पार्टी होत नाही, दुसऱ्याची गाडी घेऊन जो चालवतो तो मालकाच्याच जागी उभा राहतो असं सुप्रीम कोर्टानं २००९ च्या निंगम्मा निकालात म्हटलंय, आणि १५ लाखांचा जो पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर असतो तो लायसन असलेल्या मालक-चालकासाठी असतो. गाडीत बसलेल्या त्याच्या मित्रांचं वेगळं आहे, खासगी गाडीची फुल पॉलिसी असेल तर ते क्लेम करू शकतात, नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असती तर तेही अडकले असते.

याच प्रश्नाच्या जवळचं एक, कारण ते आपल्याकडे रोज घडते. गाडी विकली, पैसे घेतले, स्टॅम्पवर नोटरी केली, आरसीवर मात्र नाव तुमचंच. घेणाऱ्यानं अपघात केला की ट्रिब्युनलच्या नजरेत मालक तुम्हीच, २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालानं हे पक्कं केलंय. विक्री झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवा. आणि गाडी गॅरेजला दिली असताना मेकॅनिकच्या माणसानं ट्रायलला नेऊन ठोकली तर घाबरू नका, १९८८ च्या गुरू गोवेकर निकालाप्रमाणे त्यातही तुमची इन्शुरन्स कंपनी जखमीला देणं लागते.

राहिला गाडी सोडवायचा प्रश्न, तोही तुम्ही विचारलाय. इन्शुरन्स चालू आहे म्हणून तुम्हाला फार त्रास होऊ नये. पंचनामा आणि आरटीओची तपासणी झाल्याशिवाय गाडीला हात लावू नका, ठाण्याच्या आवारात उभी आहे म्हणून बंपर काढून गॅरेजला पाठवायची घाई करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग ठीक होते की नाही हे त्याच तपासणीत लिहिलं जाते आणि पुढे ते तुमच्या बाजूनंही लागू शकते. तपासणी झाली की आरसी, पॉलिसी, आधार घेऊन दारव्ह्याच्या कोर्टात सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा गाडी हजर करीन असं लिहून देऊन, गाडी मिळावी म्हणून अर्ज लावा. कंपनीला अपघाताची लेखी खबर अजून दिली नसेल तर त्या अर्जाच्या आधी ती द्या, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही, ऑफिसला, आणि पोच घ्या.